साखर संशोधनात नवे आहात? आधी पोल मोजायला शिका

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना मी पहिले काही आठवडे फक्त उसाचा रस मोजायला लावते. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पोल म्हणजे ध्रुवित प्रकाश किती वळतो ते पोलॅरिमीटरवर पाहून काढलेलं रसातल्या साखरेचं प्रमाण.

रस ताजा घ्या; लगेच मोजणं जमणार नसेल तर थंड ठेवा. ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचं प्रमाण, रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा, 20 अंश सेल्सिअसला. मग रस निवळून गाळा, गाळलेला पहिला थोडा भाग टाकून द्या आणि पोलॅरिमीटरची 200 मिलिमीटरची नळी भरा. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. पोलॅरिमीटर खरा आहे का, हे शुद्ध साखरेवर तपासा: 26 ग्रॅम साखरेचं 100 मिलिलिटर द्रावण 100 दाखवतं. रसाचा आलेला आकडा 26 ने गुणून 100 ने आणि घनतेने भागला की पोल. पोल भागिले ब्रिक्स, गुणिले 100, ही शुद्धता.

पण या आकड्यावर आंधळा विश्वास नको. एकदा माझी शुद्धता उत्तम येत होती आणि पॅनमधले (जिथे रस आटवून साखर बनते) स्फटिक मात्र सुईसारखे लांबट. आठवडाभर मी उपकरणच तपासत बसले. कारण होतं डेक्स्ट्रान, एक चिकट बहुशर्करा. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक जिवाणू ते साखरेपासूनच बनवतात, आणि वजनाला वजन धरलं तर ते ध्रुवित प्रकाश साखरेच्या जवळपास तिप्पट वळवतं. साखर घटते, पोल फुगतो! अशा वेळी सुक्रोज, म्हणजे खरी साखर, एचपीएलसीवर (रसातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) मोजा.

आणि वहीत तोडणीपासून गाळपापर्यंतच्या तासांचा रकाना ठेवा. माझ्या वहीत तो त्या आठवड्यानंतर आला.