हृदयविकार विभागात ट्रॅव्हल नर्स म्हणून रुजू होण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेत हृदयविकार अतिदक्षता विभागात किंवा टेलिमेट्री वॉर्डात (जिथे रुग्णांच्या हृदयाचे ठोके मॉनिटरवर सतत पाहिले जातात) काम करणाऱ्या आणि आता ट्रॅव्हल नर्स म्हणून, म्हणजे एजन्सीमार्फत वेगवेगळ्या रुग्णालयांत ठरावीक मुदतीसाठी काम करण्याचा, पहिला करार घेऊ पाहणाऱ्या मराठी परिचारिकांसाठी ही यादी आहे. करार बहुधा १३ आठवड्यांचा आणि आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन पाळ्यांचा असतो. कायम कर्मचाऱ्यांना मिळते तसे आठवडेच्या आठवडे प्रशिक्षण आपल्याला मिळत नाही; एक-दोन पाळ्या कुणाच्या तरी सोबत काढल्या की रुग्ण आपल्या हाती सोपवले जातात. हृदयाचे काम आपल्याला येते हे तिथे गृहीतच असते. त्यामुळे हाताला बसलेली कोणती सवय त्या रुग्णालयात चालणार नाही, हे आधी हुडकून काढणे हाच माझ्या मते तयारीचा गाभा आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी, कारण वेळ तिथेच जातो. ज्या ईबी-३ (नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याच्या) व्हिसावर आल्या आहेत, त्यांनी मूळ नियोक्त्याशी झालेला दोन-तीन वर्षांचा करार पूर्ण झाला आहे ना आणि मध्येच सोडल्यास कोणती भरपाई लिहिली आहे, हे स्वतः वाचून घ्यावे. त्यानंतर परवाना. न्यू जर्सी किंवा टेक्ससची रहिवासी असलेली परिचारिका नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट या राज्याराज्यांतील कराराचा बहुराज्यीय परवाना घेऊन सदस्य राज्यांत कुठेही काम करू शकते. पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या करारात नाहीत, म्हणजे न्यू जर्सीहून हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये काम करायचे तरी वेगळा परवाना काढावा लागतो. कॅलिफोर्नियाचा अर्ज करार हाती येण्याच्या कितीतरी आधी करून ठेवावा. बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि भारतात शिकलेल्यांकडून नर्सिंग कॉलेजची गुणपत्रके नव्याने मागवली जाऊ शकतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजच्या कार्यालयातून अशी कागदपत्रे शिक्कामोर्तब होऊन यायला लागणारा वेळ आपल्याला चांगलाच ठाऊक आहे. खटपट मोठी असली तरी कॅलिफोर्नियाचा विचार जरूर करावा, कारण तिथे १९९९ च्या कायद्याने रुग्णसंख्येला मर्यादा घातली असून अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन आणि टेलिमेट्रीत चार रुग्ण देता येतात.

बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) आणि एसीएलएस (हृदय थांबल्यावरचे प्रगत जीवरक्षण) ही प्रमाणपत्रे दोन वर्षे चालतात. त्यांची मुदत कराराच्या मधोमध संपणार नाही, हे तारखा मांडून पाहावे. अतिदक्षता परिचारिकांच्या एएसीएन या संस्थेचे सीसीआरएन प्रमाणपत्र असल्यास अर्जाचे वजन वाढते, आणि हृदय शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण सांभाळायचे असतील तर त्याच संस्थेचे सीएससी हे पुढचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. लसीकरणाच्या फाइलीत गोवर, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या प्रतिपिंडांचे अहवाल ठेवावेत. क्षयरोगाच्या चाचणीबाबत विशेष काळजी घ्यावी. आपल्यापैकी बहुतेकींना लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने त्वचेवरची चाचणी संसर्ग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. म्हणून क्वांटिफेरॉन ही रक्ताची चाचणी मागून घ्यावी, म्हणजे विनाकारण एक्स-रे आणि खुलासे यांत दिवस जाणार नाहीत.

एजन्सी कौशल्यांचा तक्ता भरून मागते. बलून पंप, इम्पेला आणि एलव्हॅड (हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारी उपकरणे), स्वान-गांझ कॅथेटर (हृदयातील व फुप्फुसाच्या धमनीतील दाब मोजणारी नळी), तात्पुरता पेसमेकर अशी नावे त्यात असतात आणि प्रत्येकापुढे आपला अनुभव अंकांत लिहायचा असतो. इथे पूर्ण खरे लिहावे. वर्षभरापूर्वी एकदाच सांभाळलेल्या इम्पेलापुढे सर्वांत वरचा अंक लिहिला, तर पहिल्याच आठवड्यात तसा रुग्ण आपल्या वाट्याला येईल, आणि त्याचा धोका आपल्या नोकरीपेक्षा त्या रुग्णाला जास्त आहे. हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड ओळखण्याची परीक्षा अनेक रुग्णालये आधीच घेतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंशाचे हार्ट ब्लॉक आणि रुंद क्यूआरएसचे (ईसीजीवरील ठोक्याची मुख्य लाट रुंद असलेले) टॅकिकार्डिया, म्हणजे जलद ठोके, यांची उजळणी त्यासाठी करून ठेवावी.

सही करण्यापूर्वी करारातील चार गोष्टी लेखी असल्याची खात्री करावी: आठवड्याला किती तासांचे वेतन निश्चित आहे, रुग्ण कमी असल्याने पाळी रद्द झाली तर काय, दुसऱ्या विभागात पाठवले तर कोणत्या विभागांपर्यंत, आणि ठरलेल्या रजेचे दिवस. रिक्रूटरने फोनवर दिलेला शब्द कागदावर नसेल तर तो धरू नये.

मुलाखतीत बहुधा विभागाच्या व्यवस्थापकाशीच बोलणे होते, तेव्हा प्रश्न आपणही विचारावेत. शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण थेट या विभागात येतात की आधी दुसरीकडे जातात? रात्री डॉक्टर विभागात असतात की फोनवर? रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची मात्रा एपीटीटी या रक्तचाचणीवर ठरते की अँटी-एक्सए या चाचणीवर? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण चाचणी बदलली की तिचा मात्रेचा तक्ताही बदलतो आणि मात्रा वाढवण्या-घटवण्याचे सगळे आकडे बदलतात. शिवाय २५,००० युनिट हेपॅरिन कुठे २५० मिलिलिटरच्या पिशवीत येते, कुठे ५०० मिलिलिटरच्या. म्हणजे पंपावर तोच वेग दिसत असताना रुग्णाला निम्मे किंवा दुप्पट औषध जात असू शकते. रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरएपिनेफ्रिनचेही तसेच आहे. काही रुग्णालयांत ते मिनिटाला मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, काहींत वजनाच्या प्रत्येक किलोमागे. आधीच्या रुग्णालयात ‘दहावर आहे’ ऐकून आपण निश्चिंत असू, तर नव्या ठिकाणी किलोमागे दहा ही भलतीच मोठी मात्रा ठरेल. पाळीचा ताबा घेताना आकड्यासोबत एकक मोठ्याने वाचण्याची आणि पिशवी, पंप व संगणकावरील ऑर्डर ही तिन्ही एकत्र पडताळण्याची सवय घरूनच लावून घ्यावी.

भारतात शिकलेल्यांसाठी मॉनिटरच्या तारांचे रंग हा आणखी एक मुद्दा आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला पिवळी तार लावतात, तर अमेरिकेत उजवीकडे पांढरी, डावीकडे काळी, डाव्या पायाला लाल आणि उजव्या पायाला हिरवी असते. तिथे बरीच वर्षे काढलेल्यांना हे अंगवळणी पडलेले असते; नुकत्याच आलेल्यांनी मात्र पहिल्या पाळीआधी डोळे मिटून सांगता येईल इतके घोकावे.

पहिल्या पाळीला अर्धा तास आधी पोहोचून विभागातून एक फेरी मारावी. क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषध-साहित्याची गाडी) कुठे आहे, हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर झोलचा आहे की लाइफपॅकचा, बाह्य पेसिंगचे बटण कुठे आहे, पेसमेकरच्या पेटीची जादा बॅटरी कोणत्या खणात आहे, हे स्वतः उघडून पाहावे. शस्त्रक्रियेचे रुग्ण असतील तर छाती पुन्हा उघडण्याच्या साहित्याचा ट्रे नेमका कुठे ठेवतात आणि त्याचे सील शाबूत आहे का, हे चार्ज नर्सला (त्या पाळीच्या प्रमुख परिचारिकेला) विचारावे. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच हृदय थांबले तर क्रम नेहमीच्या एसीएलएसहून वेगळा असतो: व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर, रक्त पुढे जात नाही अशी स्थिती) असेल आणि मिनिटाच्या आत शॉक देता येत असेल, तर छाती दाबण्याआधी लागोपाठ तीन शॉकपर्यंत देतात, एपिनेफ्रिनची एक मिलिग्रॅमची मात्रा सरसकट देत नाहीत, आणि तरीही हृदय सुरू झाले नाही तर पाच मिनिटांत छाती उघडण्याची तयारी ठेवतात. अमेरिकेतील थोरॅसिक सर्जन संघटनेने २०१७ मध्ये हा क्रम मान्य केला असला, तरी प्रत्येक रुग्णालय तो पाळतेच असे नाही. म्हणून तिथे काय चालते ते आधी विचारून घ्यावे. मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीनंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी बांधलेल्या मनगटावरच्या पट्ट्यातील हवा किती वेळाने आणि किती किती काढायची, याचा तिथला लेखी नियमही त्याच दिवशी वाचावा.

घराचा आणि कराचा विषय थोडक्यात. राहण्या-जेवणाचा भत्ता करमुक्त राहायचा असेल तर मूळ गावी कायमचे घर असावे लागते आणि त्याचा खर्च खरोखर चालू असावा लागतो. एकाच भागात एक वर्षाहून अधिक काळ काम ठरले की ती सवलत जाते. ट्रॅव्हल नर्सचे काम पाहणाऱ्या कर सल्लागाराला करारापूर्वीच भेटावे आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

करार संपण्याच्या तीन-चार आठवडे आधी मुदतवाढ हवी की नको ते कळवावे, आणि शेवटच्या पाळीपूर्वी चार्ज नर्सकडून कामाचे लेखी मूल्यमापन घ्यावे. पुढची एजन्सी ते मागते, आणि तेथील सही करणारी व्यक्ती नंतर सापडेलच असे नाही.