मुलं शाळा बुडवतात तेव्हा काय करायचं

हजेरी घेताना नुसतं आज कोण नाही एवढंच बघू नका, महिन्याचं पान उलटून बघा, कारण महिन्याला दोन दिवस बुडाले तर कोणाला काही वाटत नाही पण 200 दिवसांच्या वर्षात ते जवळपास 20 दिवस होतात, म्हणजे 10 टक्के, आणि बऱ्याच ठिकाणी इथूनच काळजीची गैरहजेरी धरतात. दर सोमवारीच गैरहजर, किंवा गणिताच्या टेस्टलाच पोट दुखतं, असं काही दिसतंय का बघा.

फोन पहिल्याच दिवशी करा, आठवडाभर थांबू नका. आणि "का पाठवलं नाही?" असं दरडावून विचारलं की पालक पुढच्या वेळी फोनच उचलत नाहीत, त्यापेक्षा "आज दिसली नाही, बरी आहे ना?" एवढं पुरतं, मग खरं कारण आपोआप बाहेर येतं. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही, रिक्षा बंद झाली, वर्गात कोणीतरी चिडवतं, वाचता येत नाही म्हणून लाज वाटते... प्रत्येकाचा उपाय वेगळा, सगळ्यांना एकच नोटीस पाठवून काहीही होत नाही. खरंच आजारी असेल तर मात्र घरीच राहू द्या, शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसापायी तापात मूल शाळेत येतं हे मला अजिबात पटत नाही.

परत आल्यावर सगळ्यांसमोर "उगवलात का?" प्लीज नको. वही द्या, बुडलेलं काय ते शेजारच्या मुलाला दाखवायला सांगा, आणि त्याच दिवशी फळा पुसायचं का होईना, एखादं काम त्याच्याकडे सोपवा.