निवडणुकीत ग्रुपवर आलेली 'ब्रेकिंग' खरी का खोटी, कसं बघायचं

निवडणूक लागली की सोसायटीच्या, भावकीच्या, दहावीच्या बॅचच्या, सगळ्या ग्रुपवर ब्रेकिंगचा पाऊस. पूर्वी बातमी पेपरात यायची आणि मग चहाच्या टपरीवर चर्चा, आता सकाळी कुठल्या तरी पक्षाची आयटी सेल, म्हणजे सोशल मीडिया सांभाळणारी टीम, एखादं कार्ड (बातमी लिहिलेलं चित्र) सोडते, दुपारी ते सगळ्यांच्या फोनवर आणि संध्याकाळी चॅनलवाले त्यावरच डिबेट लावून बसतात. म्हणजे चेक करायचं काम आपल्याच गळ्यात.

आधी मेसेजवर फॉरवर्डचा डबल बाण आहे का बघा. असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय, व्हॉट्सॲप असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. पण बाण नाही म्हणजे खरं असं नाही हां, लोक फोटो सेव्ह करून नव्याने टाकतात की बाण गायब.

सगळ्यात जास्त फसवतात ती चॅनलचा लोगो लावलेली कार्डं, 'अमुक नेत्याचा पक्षाला रामराम' टाइप. झूम करा. लोगो फाटलेला, अक्षरं त्या चॅनलच्या नेहमीच्या फॉन्टमधली नाहीत, जोडाक्षरं तुटलेली, तारीख कुठेच नाही, असं काही दिसलं की शंका घ्या आणि त्या चॅनलच्या ऑफिशियल पेजवर जाऊन त्या दिवसाच्या पोस्ट बघा. 'असं होऊच शकत नाही' यावर मात्र जाऊ नका, २०१९ मध्ये आपल्याकडे पहाटेचा शपथविधी झालाय, तेव्हा काहीही होऊ शकतं :) पेपरचं कात्रण आलं तर त्या तारखेचा ईपेपर उघडायचा, आवृत्तीसकट.

सभेच्या गर्दीचा व्हिडिओ असेल तर पॉज करून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सला टाका, ते तसाच फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते शोधतं, बऱ्याचदा गर्दी दुसऱ्याच राज्यातली आणि जुनी निघते.

एखादं पेज सारखं एकाच पक्षाला झोडतंय आणि तुम्ही फॉलो न करताही फीडमध्ये येतंय? मग ती पैसे भरून केलेली जाहिरात असू शकते. फेसबुकची ॲड लायब्ररी, म्हणजे तिथल्या जाहिरातींची यादी, उघडा, लॉगिन लागत नाही. देश भारत, कॅटेगरी राजकारणाची, आणि पेजचं नाव टाका. जाहिरातीचे पैसे कुणाच्या नावाने भरले, साधारण किती, कुठल्या राज्यात आणि कुठल्या वयाच्या लोकांना दाखवली, सगळं येतं. 'जनतेचा आवाज' छाप नावाच्या पेजसाठी तर हे कराच, मजा येते.

मतदानाच्या आधीचे ४८ तास जास्त सांभाळा, ऐनवेळी ऑडिओ क्लिपा सुटतात आणि खुलासा यायच्या आत लोक मत देऊन मोकळे. मतदान चालू असताना एक्झिट पोल आला तर सरळ डिलीट मारा, शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदीच असते.

आणि तुमच्या डोळ्यांसमोर पैसे वाटप वगैरे चालू असेल तर ग्रुपवर टाकून काय होणार, निवडणूक आयोगाचं तक्रारीसाठी सी-व्हिजिल ॲप आहे त्यात टाका. फोटो-व्हिडिओ तिथल्या तिथे ॲपमधूनच काढावा लागतो, लोकेशन आपोआप जातं. गॅलरीतला चालत नाही, त्यामुळे फॉरवर्ड आलेला व्हिडिओ तिथे टाकायला जाऊ नका.