मास्क बसतोय का, हे जिभेला विचारा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी सेफ्टी बघते. नोकरीच्या पहिल्या वर्षी फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या, सगळ्या लोकांना एन-९५ वाटले, रजिस्टरवर सह्या घेतल्या आणि काम झालं असं समजले. संध्याकाळी एका मामांनी मास्क काढला, तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांपर्यंत काळ्या रेघा. "मॅडम, दिवसभर घातलेलाच हुता की," ते म्हणाले. खरंच घातला होता, मी स्वतः बघितलं होतं. कापड धूळ अडवत होतं आणि नाकाजवळच्या फटीतून तीच धूळ आत जात होती. नुसतं बघून मास्कचं माप कळत नाही, हे मला त्या रेघांनी शिकवलं.

आपली धूळ साधी नाही. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या, वाळूत सिलिका असते. नॉकआउटमध्ये (साचा फोडून भाग बाहेर काढताना) आणि फेटलिंगमध्ये तिचे इतके बारीक कण उडतात की डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही आणि तो झालेल्या माणसाला टीबीचा धोका वाढतो. कायद्याने तो नोंद करणं बंधनकारक असलेला आजार आहे. म्हणून आधी धूळ उडतानाच पकडा: सक्शन, पाणी मारणं, झाडूऐवजी व्हॅक्यूम. त्यानंतर जी उरते तिच्यासाठी मास्क.

खरेदीच्या वेळी स्टोअरला ठणकावून सांगा की फ्री साइज नावाचा चेहरा नसतो. आयएस ९४७३ या भारतीय मानकाची खूण असलेला एफएफपी-२ दर्जाचा मास्क घ्या किंवा खात्रीचा एन-९५, पण एकच मॉडेल शंभर नग मागवू नका. आधी तीन-चार वेगवेगळ्या घडणीचे थोडे थोडे आणा. रबरी किंवा सिलिकॉनचा, नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क असेल तर लहान, मध्यम, मोठा असे तिन्ही. कोअर शॉपमधल्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनतात तिथल्या) बायकांना पुरुषांच्या मापाचा मास्क हनुवटीखाली लोंबतो, त्यांच्यासाठी लहान माप हवंच. कानात अडकवायच्या दोऱ्यांचे मास्क धुळीच्या कामाला घेऊ नका, त्यांना चेहऱ्यावर पुरेसा ताण बसत नाही. पट्टे डोक्यामागे जाणारेच हवेत.

मग चेहरा. मास्कची कड जिथे टेकते तिथे फक्त कातडी हवी. एका दिवसाची खुंटंही कड उचलून धरतात. मिशी कडेच्या आत मावत असेल आणि श्वास बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला लागत नसेल तर चालते. श्रावणात आपल्याकडे बरेच जण दाढी करत नाहीत. दर वर्षी हा महिना मला अवघड जातो, पण त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्यापेक्षा आषाढातच यादी करते. कोणाला महिनाभर धुळीबाहेरचं काम देता येईल आणि कोणाला मोटरने हवा पुरवणारा सैल हूड लागेल, ते ठरवते. त्या हूडला दाढी अडत नाही आणि फिट टेस्टही, म्हणजे मास्क त्या चेहऱ्यावर बसतो का याची तपासणीही, लागत नाही.

दुसरी सवय रुमालाची. एप्रिल-मे मध्ये घाम टिपावा म्हणून लोक मास्कच्या आत रुमाल बांधतात, बायका ओढणी. कापडाच्या प्रत्येक चुणीतून हवा आत शिरते. घामाला उपाय म्हणजे जास्त वेळा सुट्टी आणि ओला झालेला मास्क बदलून देणं. तंबाखू आणि माव्याबद्दलही बोलावं लागतं, कारण थुंकायला दर वेळी मास्क खाली ओढला की तो पुन्हा नीट बसवायला कोणी थांबत नाही.

घालायची रीत सोपी आहे. हनुवटी आत, वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या मागच्या भागावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर असतील तर मास्क नाकावरून सरकणारच. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत जा, एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध कोन पडून तिथेच फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालावर वारा लागला तर पुन्हा बसवा. व्हॉल्व्हचा असेल तर श्वास आत ओढा, मास्क किंचित चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. फिल्टरवाल्या हाफ मास्कला दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाकून, श्वास ओढून दहा सेकंद थांबा. हे मास्क घालताना दर वेळी करायचं. पण यावरून आज नीट घातलाय की नाही एवढंच कळतं. हे मॉडेल या माणसाचं आहे का, ते फिट टेस्टच सांगते.

आमच्याकडे सॅकरिनची टेस्ट आहे. डोक्यावर पारदर्शक हूड आणि त्यात नेब्युलायझरने, म्हणजे रबरी बल्ब दाबायच्या फवारणीने, गोड फवारा. टेस्टच्या आधी पंधरा मिनिटं पाण्याशिवाय तोंडात काही नाही, मावा तर मुळीच नाही. आधी मास्क न घालता पातळ द्रावणाचा फवारा द्यायचा. तोंड किंचित उघडं, जीभ बाहेर. दहा वेळा बल्ब दाबून गोड लागलं का विचारायचं, मग वीस, मग तीस. तिसापर्यंत गोड लागलं नाही तर त्या माणसाला सॅकरिनची टेस्ट चालत नाही, बिट्रेक्सच्या कडू द्रावणाने करा.

मग चूळ भरून मास्क घालायचा आणि पाच मिनिटं तसंच बसायचं. कामावर गॉगल असेल तर तोही चढवायचा, कारण मास्क आणि गॉगल नाकावरच भांडतात. आता शंभर पट तीव्र द्रावण. आधी जितक्या दाबांना चव कळली तितके दाब सुरुवातीला, पुढे दर तीस सेकंदांनी त्याच्या निम्मे. एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, कमरेत वाकणं आणि पुन्हा साधा श्वास. हूडमध्ये वाकता येत नसेल तर जागच्या जागी धावायचं. बोलायला मी पाढे म्हणायला लावते किंवा पाठ असलेला अभंग. गोड लागलं म्हणजे फटीतून फवारा आत आला; तिथेच थांबायचं, तो मास्क त्या माणसासाठी बाद. आमचे ग्राइंडरवाले बहुतेक वेळा वाकतानाच अडकतात, आणि दिवसभर ते वाकूनच काम करतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माणूस खोटं बोलू शकतो. गोड लागलं असं सांगितलं तर साहेब काम काढून घेतील, शिफ्टचे पैसे बुडतील, ही भीती असते. म्हणून हूड चढवण्याआधी मी शांतपणे सांगते, "दादा, परीक्षा तुमची न्हाई, मास्कची हाय. ह्यो नापास झाला तर दुसरा देतो." टेबलावर दुसरा आणि तिसरा मास्क आधीच मांडलेला असतो, तो दिसला की लोक मोकळेपणाने बोलतात. सुपरवायझरला त्या खोलीत थांबू देत नाही. ओडिशा-बिहारच्या मुलांना हिंदीत सांगते आणि बोलता येत नसेल तर हात वर करायची खूण आधीच ठरवते.

एकदा दुपारनंतर ओळीने अकरा जण पास झाले. मला बरं वाटलं, मग शंका आली. स्वतः मास्क न घालता हूडमध्ये डोकं घातलं, तर काहीच चव नाही. सॅकरिनचे खडे जमून नेब्युलायझर तुंबला होता. अकराही जणांना परत बोलावलं, त्यातले तिघे नापास झाले. तेव्हापासून सकाळी आणि दुपारी जुनं द्रावण ओतून देऊन नेब्युलायझर धुते आणि फवारा उजेडात धरून बघते. दोन्ही द्रावणांच्या नेब्युलायझरना वेगळ्या रंगाची टेप लावा, अदलाबदल झाली तर सगळी टेस्ट वाया.

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कची खरी तपासणी मशीनने होते. ते बाहेरचे आणि आतले कण मोजतं. बाहेरचं प्रमाण आतल्याच्या किमान ५०० पट असावं लागतं, हाफ मास्कला १०० पट. मशीन महाग आहे, पण टेस्ट करून देणारे लोक बोलावता येतात.

टेस्ट दर वर्षी करा. मधेच वजन बरंच कमी-जास्त झालं, दात काढले, कवळी बसवली किंवा चेहऱ्यावर जखमेचा व्रण राहिला तर लगेच. स्टोअरने स्वस्त पडतो म्हणून मॉडेल बदललं तरी जुनी टेस्ट संपली.

निकाल मी फाइलमध्ये ठेवतेच, शिवाय प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे चिकटवते: मास्कचं मॉडेल, माप, टेस्टची तारीख. रात्रपाळीला स्टोअरचा माणूस कार्ड उलटं करून बघतो आणि तोच मास्क देतो. परवा त्या मामांनी स्टोअरच्या खिडकीतून दुसराच मास्क परत सरकवला आणि म्हणाले, "माझा ह्यो न्हाई, लहान मापाचा दे."