सोलर चार्ज कंट्रोलर तपासताना आकडा बॅटरीच्या टर्मिनलवर घ्यावा

सोलर चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनलकडून येणारी वीज नियंत्रित करून बॅटरी भरणारे उपकरण. त्यावरचा हिरवा दिवा लागला म्हणजे पॅनलकडून वीज येत आहे, एवढेच कळते. बॅटरी पूर्ण भरते की नाही, हे मात्र मीटर लावल्याशिवाय समजत नाही. पुढील आकडे १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आहेत; लिथियम बॅटरीला ते लागू होत नाहीत.

बहुतेक चाचण्यांसाठी एक चांगला मल्टिमीटर आणि एक क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) पुरतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी अँपिअर मोजतो याची खात्री करून घ्यावी, कारण स्वस्त मीटर बहुधा फक्त एसी मोजतात. हातातली अंगठी, कडे आधी काढून ठेवावे आणि बॅटरीची जागा हवेशीर असावी, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

सकाळी पॅनल जोडण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. विश्रांती मिळालेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असते. ३६ सेलच्या पॅनलची मोकळी टोके उन्हात २० ते २२ व्होल्ट दाखवतात. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल सोडवावे. हा क्रम चुकला तर काही कंट्रोलर जागीच निकामी होतात.

आता दोन्ही बाजूंचा प्रवाह मोजावा. पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये (पॅनल बॅटरीला थेट जोडून-तोडून चार्ज करणारा साधा प्रकार) पॅनलकडून येणारा आणि बॅटरीत जाणारा प्रवाह जवळपास सारखाच असतो. एमपीपीटी कंट्रोलरमध्ये (पॅनलचे जादा व्होल्टेज उतरवून प्रवाह वाढवणारा प्रकार), बॅटरी भुकेली असताना, बॅटरीकडचा प्रवाह पॅनलकडच्या प्रवाहापेक्षा स्पष्टपणे जास्त दिसला पाहिजे. तसा तो दिसत नसेल, तर एमपीपीटी म्हणून विकलेला तो कंट्रोलर प्रत्यक्षात पीडब्ल्यूएम असण्याची दाट शक्यता आहे.

सर्वांत महत्त्वाची चाचणी दुपारी करावी. बॅटरी भरत आली की कंट्रोलरने व्होल्टेज साधारण १४.४ वर धरून ठेवावे आणि प्रवाह हळूहळू उतरत जावा. त्यानंतर व्होल्टेज १३.५ ते १३.८ वर यावे. हे मोजमाप कंट्रोलरच्या आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पाठोपाठ घ्यावे. कोथरूडमधल्या एका गच्चीवर मी हे केले तेव्हा कंट्रोलर १४.४ दाखवत होता आणि बॅटरीवर केवळ १३.८ व्होल्ट होते. कंट्रोलर जिन्याच्या माथ्यावर होता, बॅटरी खालच्या मजल्यावर होती आणि मध्ये जाऊन-येऊन २४ मीटर लांबीची, १.५ चौरस मिलिमीटरची तार होती; एवढ्या तारेत २ अँपिअरलाच जवळपास ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. कंट्रोलर निर्दोष होता, पण बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट साचले होते. कंट्रोलर बॅटरीजवळ आणून जाड, आखूड तारेने जोडल्यावर दोन्ही आकडे जुळले. ती बॅटरी मात्र वाचली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली १४.४ ऐवजी १४.१ दिसले, तर लगेच दोष काढू नये. तापमान-भरपाई असलेला कंट्रोलर २५ अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे १८ ते ३० मिलिव्होल्ट कमी करतो, आणि ते योग्यच आहे.

बॅटरी फार उतरली की कंट्रोलर लोड, म्हणजे तिच्यावर चालणारी उपकरणे, तोडतो. या लोड तोडण्याची चाचणी बॅटरी रिकामी करून घेऊ नये. पॅनल सोडवून, बॅटरीच्या जागी प्रवाहाला मर्यादा घातलेला बेंच पॉवर सप्लाय (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा) १२.८ व्होल्टवर लावावा, लोडला छोटा दिवा जोडावा आणि व्होल्टेज सावकाश उतरवावे. दिवा साधारण ११ व्होल्टच्या जवळ, क्वचित थोड्या विलंबाने, विझला पाहिजे. सप्लाय लावलेला असताना पॅनल कधीही जोडू नये, कारण पॅनलचा प्रवाह उलटा सप्लायमध्ये शिरतो.

शेवटी, अंधार पडल्यावर पॅनलच्या तारेत मल्टिमीटर एकसरीत लावून पाहावे. बॅटरीकडून पॅनलकडे उलटा वाहणारा प्रवाह जवळजवळ शून्य असावा. तो दहा-वीस मिलिअँपिअरच्या पुढे गेला, तर कंट्रोलर बदलावा.