घरच्या घरी व्हिएतनामी बान्ह मी : गवती चहात मुरवलेल्या पोर्कचे सँडविच

बान्ह मी करायला घेणारे बहुतेक लोक आधी मांसाचा विचार करतात आणि तिथेच चूक होते. चांगल्या बान्ह मीमध्ये मांस जेमतेम 70 ते 80 ग्रॅम असते. उरलेली जागा आंबटगोड मुळा-गाजर, काकडी, कोथिंबीर आणि मिरची यांची असते, आणि हे सगळे ज्यात बसते तो पाव हलका, आतून जवळजवळ पोकळ आणि वरून चुरचुरीत असावा लागतो. पाव चिवट असेल किंवा लोणचे पाणी सोडत असेल, तर कितीही उत्तम भाजलेले पोर्क त्या सँडविचला वाचवू शकत नाही. त्यामुळे या लेखात मांसाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, वेळ पाव आणि लोणच्यावर घालवला आहे.

व्हिएतनामी भाषेत ‘बान्ह’ हा शब्द पिठापासून केलेल्या असंख्य पदार्थांना लावतात आणि ‘मी’ म्हणजे गहू. फ्रेंचांनी 1859 मध्ये सैगॉन घेतले आणि त्यांच्यासोबत गव्हाचा लांबट पाव त्या भातखाऊ देशात आला. पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे ‘पाव’ आला, त्यासारखाच हा प्रकार. फ्रेंच अमदानीत तो लोणी, हॅम, पाटे (कलेजीचे गुळगुळीत वाटण) यांच्याबरोबर बशीत वाढून खात असत, आणि तो महागही होता. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेकडून लाखो माणसे दक्षिणेत आली, आणि त्यानंतरच्या सैगॉनमध्ये बशीतले ते जिन्नस पावाच्या पोटात गेले. 1958 मध्ये सुरू झालेले तिथले ‘होआ मा’ हे दुकान या बदलाच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक मानले जाते. लोण्याच्या जागी मेयोनेज आले, महागड्या थंड मांसाचे प्रमाण घटले आणि ती जागा भाजी व लोणच्याने भरली. काटकसरीतून झालेला हा बदल चवीच्या दृष्टीने मूळ फ्रेंच प्रकारापेक्षा सरस ठरला, असे माझे मत आहे. 1975 नंतर देश सोडून गेलेल्या निर्वासितांनी तो अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्समध्ये नेला.

पुढील प्रमाण चार सँडविचचे आहे. काम दोन दिवसांत विभागले तर काहीच जड जात नाही: लोणचे आणि मांसाची मुरवण आदल्या संध्याकाळी करावी, पाव आणि भाजणे दुसऱ्या दिवशी.

आदल्या संध्याकाळी : मुळा-गाजराचे लोणचे

व्हिएतनाममध्ये यासाठी जाड, सौम्य पांढरा मुळा वापरतात. आपल्या बाजारात मिळणारा मुळा बारीक आणि अधिक तिखट असतो, म्हणून शक्यतो कोवळा, सरळ आणि टणक मुळा निवडावा. हाताला हलका लागणारा मुळा आतून जाळीदार निघतो, तो घेऊ नये. 200 ग्रॅम मुळा आणि 150 ग्रॅम गाजर सोलून काडेपेटीतल्या काडीपेक्षा किंचित जाड, पाच-सहा सेंटिमीटर लांबीच्या काड्या कापाव्यात. किसणीवर किसू नये, कारण कीस लगदा होतो आणि दाताखाली काही लागत नाही.

या काड्यांना एक चहाचा चमचा मीठ आणि दोन चहाचे चमचे साखर लावून तीन-चार मिनिटे हाताने चोळावे. भांड्यात पाणी सुटू लागते. गाजराची एक काडी उचलून तिची दोन टोके एकमेकांना टेकवून पाहावीत: ती न मोडता कमानीसारखी वाकली, की चोळणे पुरे झाले. मग काड्या थंड पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्यात घट्ट पिळाव्यात. ही पिळण्याची पायरी मी पहिल्या खेपेला कंटाळा करून टाळली होती. सँडविच हातात घेतले तेव्हा खालचा पाव भिजून बोटांना चिकटला आणि मुळ्याचा उग्रपणाही तसाच राहिला.

120 मिलिलिटर पांढरे व्हिनेगर, तेवढेच कोमट पाणी आणि 50 ग्रॅम साखर एकत्र ढवळून साखर विरघळू द्यावी. पिळलेल्या काड्या काचेच्या बरणीत भरून त्या बुडतील इतके हे पाणी वर ओतावे. तासाभरात लोणचे खाण्याजोगे होते, पण रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यास चव खरी बसते, आणि दोन आठवडे ते चांगले टिकते. बरणी उघडल्यावर मुळ्याचा जो वास येतो त्याने घाबरून जाऊ नये. झाकण काढून दहा-पंधरा मिनिटे बरणी तशीच ठेवली की तो उडून जातो.

पोर्क आणि त्याची मुरवण

डुकराच्या खांद्याचे मांस घ्यावे. त्यात चरबीचे पदर असतात, त्यामुळे कडक आचेवरही ते कोरडे पडत नाही. कंबरेचा बिनचरबीचा तुकडा दिसायला सुबक असला तरी भाजल्यावर कागदासारखा होतो. विश्वासू दुकानातूनच मांस घ्यावे आणि कापताना त्यात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले, तर ते मांस सरळ टाकून द्यावे, कारण ती पट्टकृमीच्या अळ्यांची खूण असते. 450 ग्रॅमचा तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवला, की तो कापायला पुरेसा घट्ट होतो आणि चार मिलिमीटर जाडीच्या पातळ चकत्या सहज निघतात. चकत्या मांसाच्या धाग्यांना आडव्या कापाव्यात.

मुरवणीचा प्राण म्हणजे गवती चहा. आपण चहात त्याची पाती घालतो. व्हिएतनामी स्वयंपाकात मात्र देठाचा खालचा, पांढरट-जांभळट भाग वापरतात. त्यामुळे कापलेल्या पात्यांची जुडी उपयोगाची नाही, मुळाशी कापलेले देठ हवेत. अंगणात किंवा कुंडीत गवती चहा असेल तर चार-पाच जाड देठ बुंध्याशी कापून घ्यावेत, बाहेरचे दोन-तीन चिवट पदर सोलून टाकावेत, आणि आतला कोवळा भाग आधी वरवंट्याने ठेचून मग अगदी बारीक चिरावा. दोन मोठे चमचे भरतील इतका तो लागतो. जाडसर राहिला तर दातात कूस अडकल्यासारखा वाटतो.

त्यात लसणाच्या चार पाकळ्या आणि सांबारात घालतात ते तीन छोटे कांदे ठेचून घालावेत. दोन मोठे चमचे फिश सॉस, दोन मोठे चमचे साखर, एक चहाचा चमचा सोया सॉस, अर्धा चहाचा चमचा जाडसर मिरेपूड आणि एक मोठा चमचा तेल मिसळावे. मीठ घालू नये, कारण ते फिश सॉसमध्ये भरपूर असते. फिश सॉस म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या छोट्या माशांचे गाळलेले पाणी, आणि ते मासे आपल्या मांदेलीच्याच कुळातले. बाटली नाकाशी नेली तर वास सुकटीची आठवण करून देतो, पण आचेवर तो विरून जातो आणि मागे एक खोल, खारट गोडी राहते. याला पर्याय म्हणून नुसता सोया सॉस वापरता येतो, परंतु मग तयार होते ते वेगळे सँडविच.

चकत्या या वाटणात नीट घोळून झाकणाच्या डब्यात रात्रभर, किंवा निदान दोन तास, फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

पाव

ज्यांना पाव घरी भाजायचा नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात आणि गोव्यात एक सोय हाताशीच आहे. इराणी बेकरीतला ब्रून, कडक पाव किंवा गोव्याचा ताजा उंडो हे आकाराने वेगळे असले तरी त्यांचे कवच या कामाला साजेसे असते. वडापावाचा मऊ लादी पाव मात्र चालत नाही, कारण लोणच्याचा रस लागताच तो बसतो. परदेशी पद्धतीची जाड सालीची, आंबट पिठाची बगेत (लांबट फ्रेंच पाव) ही टाळावी. ती चावताना टाळू सोलवटते आणि आतले सारण मागून बाहेर पडते.

घरी करायचा असेल तर 300 ग्रॅम मैदा घ्यावा. पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण पाहून 11 टक्क्यांच्या वरचा मैदा मिळाला तर फार उत्तम. पुष्कळ पाककृतींत तांदळाचे पीठ मिसळायला सांगतात, पण मी ते घालत नाही: तांदळात ग्लुटेन (पिठाला ताण देणारे प्रथिन) नसते, आणि ज्या पावाला फुगून पोकळ व्हायचे आहे त्याचे ग्लुटेन पातळ करण्यात शहाणपण नाही. मैद्यात 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 6 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम मीठ, 15 मिलिलिटर तेल आणि अर्धा चहाचा चमचा लिंबाचा रस घालून सुमारे 190 मिलिलिटर पाण्याने पीठ भिजवावे. दहा-बारा मिनिटे चांगले मळल्यावर पिठाचा छोटा गोळा बोटांनी ताणून उजेडासमोर धरावा. पडदा न फाटता आरपार उजेड दिसू लागला, की मळणे पुरे.

पीठ झाकून सुमारे तासभर, दुप्पट होईपर्यंत ठेवावे. उन्हाळ्यात याला पाऊण तासही पुरतो, तर पुण्याच्या डिसेंबरात दीड तास लागू शकतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. मग त्याचे चार समान गोळे करावेत, प्रत्येक गोळा लांबट चपटा करून घट्ट गुंडाळावा आणि हाताखाली फिरवून टोकांना निमुळता, 18 ते 20 सेंटिमीटर लांबीचा करावा. जोड खालच्या बाजूला ठेवून ट्रेवर मांडून पुन्हा 45 ते 60 मिनिटे फुगू द्यावे.

ओव्हन 230 अंश सेल्सिअसला निदान 20 मिनिटे तापवावा आणि तापतानाच खालच्या खणात एक रिकामा पत्र्याचा ट्रे ठेवावा. पाव आत जाण्यापूर्वी नव्या ब्लेडने प्रत्येकावर लांबीच्या दिशेने एक तिरपी, अर्धा सेंटिमीटर खोल चीर द्यावी. पाव आत सरकवताच खालच्या ट्रेमध्ये अर्धी वाटी उकळते पाणी ओतून दार चटकन लावावे. पाणी ओतताना दाराच्या तापलेल्या काचेवर घडी घातलेला टॉवेल टाकावा, कारण थेंब उडाले तर काच तडकू शकते. ही वाफ पहिल्या काही मिनिटांत पावाचा पृष्ठभाग ओला ठेवते, त्यामुळे तो मोकळेपणाने फुगतो आणि साल पातळ राहते. दहा मिनिटांनी पाण्याचा ट्रे सांभाळून काढून उष्णता 200 अंशांवर आणावी आणि आणखी दहा-बारा मिनिटे, सोनेरी तांबूस होईपर्यंत भाजावे. जाळीवर काढलेले पाव निवताना कान जवळ नेला, तर साल बारीक तडतडताना ऐकू येते.

पाटे आणि मेयोनेज

पाटे ऐच्छिक आहे, परंतु एकदा घालून पाहिल्यावर बहुधा कोणी वगळत नाही. 60 ग्रॅम लोण्यात एक छोटा कांदा व दोन लसूण पाकळ्या मऊ करून 200 ग्रॅम कोंबडीची कलेजी आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत शिजवावी, मीठ-मिरे घालून मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटावी आणि थंड करावी. मेयोनेज विकतचे घ्यावे आणि शक्यतो कमी गोड निवडावे. कच्च्या अंड्याचे घरगुती मेयोनेज आपल्या हवामानात, विशेषतः पाहुण्यांसाठी, करू नये.

भाजणे आणि जुळणी

व्हिएतनामी विक्रेते मांस कोळशावर भाजतात. शेगडी असेल तर तीच वापरावी, नसेल तर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवावा. चकत्या एका वेळी चार-पाचच टाकाव्यात. गर्दी केली तर मांस पाणी सोडून उकडते आणि त्याला भाजल्याचा रंग चढत नाही. प्रत्येक बाजू दोन ते तीन मिनिटे लागते. मुरवणीत साखर असल्यामुळे कडा क्षणात काळ्या पडतात, त्यामुळे तव्यापासून हलू नये. कडांवर थोडे काळसर डाग मात्र हवेतच. मांस आत कुठेही गुलाबी राहता कामा नये. एक घाणा झाला की तव्यावरची जळकी साखर ओल्या फडक्याने चिमट्यात धरून पुसून टाकावी.

पाव 170 अंशांच्या ओव्हनमध्ये तीन मिनिटे गरम करावा. बाजूने लांब चिरावा, पण मागची कड जोडलेली ठेवावी, आणि आतला मऊ गाभा थोडा उपटून काढावा. एका बाजूला मेयोनेज आणि दुसऱ्या बाजूला पाटे लावावे. वर मॅगी सीझनिंगचे चार-पाच थेंब टाकतात; हे नूडल्सशी संबंध नसलेले काळे पातळ द्रव आहे, ते न मिळाल्यास सोया सॉस चालतो. मग पोर्क, काकडीचे लांब पातळ काप, निथळलेले लोणचे, मिरचीच्या चकत्या आणि शेवटी कोथिंबिरीच्या देठासकट अख्ख्या काड्या. कोथिंबीर चिरू नये. ती इथे सजावटीसाठी नसून पालेभाजीसारखी खायची असते.

सँडविच भरल्यावर दहा मिनिटांच्या आत खावे. डब्यात न्यायचे असल्यास पाव, मांस आणि लोणचे तिन्ही वेगळे बांधावे आणि जागेवर भरावे. उरलेले पोर्क फ्रिजमध्ये दोन दिवस राहते, आणि उकडून थंड केलेल्या तांदळाच्या शेवयांवर ते, लोणचे, काकडी आणि फिश सॉस-लिंबाचे पाणी घातले, की व्हिएतनाममध्ये ‘बुन थित नुआंग’ म्हणतात ते दुसऱ्या दिवशीचे जेवण तयार होते.