नाताळात मैत्रिणीबरोबर पणजीला जायचं असेल तर

मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, आम्ही दोघी गेली चार वर्षं नाताळात पणजीला जातो. मी ठाण्यातल्या एका बँकेत आहे. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिला नाताळची सुट्टी असते आणि मला पंचवीस तारखेच्या आजूबाजूच्या रजा टाकाव्या लागतात. परत आलं की ऑफिसातल्या बायका विचारतात, सीझनमध्ये गोवा म्हणजे गर्दी आणि लूट, तुम्हाला जमतं कसं? त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या मनात असं काही आहे त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी नाताळच का, ते सांगते. दिवाळीत आम्ही दोघी घाण्याला जुंपलेल्या असतो. चकल्या, करंज्या, भाऊबीज, पाहुणे. सण आपल्या अंगावरून जातो आणि आपण ओट्यापाशी असतो. चार वर्षांपूर्वी मैत्रिणीची आई गेली, त्या वर्षी तिने दिवाळीला काही केलं नाही. मला म्हणाली, "मला सण हवाय, पण माझ्या घरातला नको." मला ते लगेच पटलं. दुसऱ्याच्या सणाला पाहुणी म्हणून गेलं की रोषणाई, गोडधोड, गाणी सगळं मिळतं आणि लाटणं आपल्या हातात नसतं. हेच डोक्यात ठेवून सगळं ठरवा. समुद्र, पार्ट्या, तीन दिवसांत बारा ठिकाणं हे सगळं बाजूला ठेवा. सण जिथे घराघरांत होतो तिथे राहायचं.

पहिल्या वर्षी आम्ही हे ओळखलं नव्हतं. उत्तरेकडच्या एका किनाऱ्याजवळ खोली घेतली, तीही फोनवर बोलून, आगाऊ पैसे न भरता. पोहोचलो तर खोली दुसऱ्यालाच दिलेली. रात्री नऊ वाजता बॅगा घेऊन रस्त्यावर उभ्या होतो. शेवटी जी मिळाली तिच्या खाली पहाटे तीनपर्यंत गाणी वाजत होती. म्हणून सांगते, थोडे पैसे आधी भरा, पावती आणि पत्ता लेखी मागून घ्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून "आम्ही उद्या येतोय" हे नक्की करा.

तिकीट दिवाळीतच काढावं लागतं

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पासून एकशे वीसचे साठ झाले. म्हणजे तेवीस डिसेंबरला निघायचं तर चोवीस ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता बसायचं, आणि सत्तावीसच्या परतीसाठी अठ्ठावीस ऑक्टोबरला. हे दिवस बहुतेक वेळा फराळाच्या गडबडीत नाहीतर ऐन दिवाळीत येतात आणि विसरायला होतं. आम्ही वाटून घेतलं आहे. जातानाचं तिकीट ती काढते, येतानाचं मी. आठच्या आधी लॉगिन करून दोघींची नावं, वयं भरून यादी तयार ठेवायची. आठ वाजून दहा मिनिटांनी उठलात तर वेटिंगच दिसेल.

जाताना मांडवी एक्स्प्रेसने दिवसा जा. सकाळी सातच्या सुमारास मुंबईहून सुटते, पाऊण तासात ठाण्याला येते आणि संध्याकाळी पणजीजवळच्या करमळी स्टेशनला सोडते. लोक म्हणतात, दिवस फुकट जातो. मला विचाराल तर ट्रिपचा सगळ्यात चांगला दिवस तोच. बर्थ निवडताना एकीला साइड लोअर आणि एकीला साइड अप्पर मागा. दिवसा खालच्या बर्थची पाठ उभी केली की समोरासमोर दोन खुर्च्या होतात, मध्ये खिडकी, आणि तिसरं कुणी नाही. वर्षभर फोनवर तुटक तुटक झालेलं बोलणं तिथे सलग होतं. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. त्यात आमचं बोलणं आपोआप थांबतं, कारण आवाजच तेवढा असतो. पहिल्या वर्षी त्या अंधारात तिने माझा हात धरला होता आणि बाहेर उजेड आल्यावर आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल पहिल्यांदा बोलली. रत्नागिरीनंतर पानवल नदीवरचा पूल लागतो, चौसष्ट मीटर उंच. त्या वेळी खिडकीला नाक लावून बसा.

गाडीत पॅन्ट्रीचं खाणं सतत फिरत असतं, तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. गाडीला उशीर होऊ शकतो, आणि डिसेंबरात सहानंतर अंधार पडतो. करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटर आहे. जिथे उतरणार त्यांनाच रिक्षा किंवा टॅक्सी सांगून ठेवायला सांगा, भाडं आधी ठरवून.

राहायचं कुठे

पणजीत, जुन्या वस्तीत: फोंतेन्यास, नाहीतर मळा. फोंतेन्यासमध्ये पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींची कौलारू घरं, अरुंद गल्ल्या आणि मागे आल्तिन्योची टेकडी. काही घरांतून एक-दोन खोल्या भाड्याने देतात. जिना लाकडी आणि उभा असतो, गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली मागा. इथे राहण्याचं मोठं कारण सांगते. चोवीसच्या रात्री चर्चमधून बाहेर पडल्यावर तुम्हाला वाहन शोधावं लागत नाही. दोघी बायका चालत दहा-पंधरा मिनिटांत घरी येतो, आणि रस्त्यात माणसं असतात.

आम्ही ज्या आंटींकडे उतरतो त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही डिंकाचे लाडू नेले होते. ते फार उपयोगी पडले. सणाच्या घरी हात हलवत जायचं नाही, एवढं तर आपल्याला आईने शिकवलेलंच असतं. पंचवीसच्या सकाळी आंटींनी दारावर टकटक केली, हातात क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट. त्याला कुस्वार म्हणतात, नाताळच्या गोडाधोडाला. रुमाल बाजूला केला तर नेवऱ्या, काळपट चकचकीत दोदोलच्या वड्या, शंखासारखी वळलेली कुलकुलं, चण्याच्या डाळीचं आणि खोबऱ्याचं दोस, पेरूची लालसर पेराद. मैत्रिणीने एक नेवरी मोडली. आत खोबरं, वेलची, कडेला हाताने घातलेली मुरड. ती बराच वेळ त्या मुरडीकडे बघत राहिली. "आई अशीच घालायची, कातण्याने नाही कापायची," म्हणाली. आणि मग दोन खाल्ल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलू नका, चहा ओता. आंटींचं ताट आम्ही दुसऱ्या दिवशी लाडू ठेवून परत केलं. रिकामं ताट परत करायचं नाही, हे तिथेही तसंच आहे.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. बेबिंका ही मिठाई थरांची असते आणि त्यात अंड्यांचे बलक सढळ हाताने घालतात. बोलिन्या म्हणजे नारळाची बिस्किटं, त्यांतही अंडं असतं. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ यांचा, तो चालतो. बाकीच्यांचं विचारून घ्या, कुणी वाईट वाटून घेत नाही. मैत्रीण अंडं खात नाही, तिला आंटी आता दर वर्षी वेगळी ताटली देतात.

चोवीसची रात्र

संध्याकाळी पाचनंतर बाहेर पडा आणि नुसत्या चाला. दारोदार कागदी चांदण्या लावलेल्या असतात. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, आत दिवा. आपल्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. आणि गोठे बघा. येशूच्या जन्माचा देखावा अंगणात, कोपऱ्यावर, दुकानाच्या पायरीवर मांडतात. गवत, माती, आरशाचं तळं, मेंढरं. मला तर दिवाळीतले मुलांचे किल्लेच आठवतात. मावळे ठेवायचे तिथे मेंढपाळ, एवढाच फरक. गोठा मांडणाऱ्या पोरांना "कितके दीस लागले?" असं मोडक्या कोंकणीत विचारलं तर ती अर्धा तास समजावून सांगतात.

रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं असेल तर दुपारीच चर्चशी जाऊन वेळ बघून या, फलकावर लावलेली असते. सगळीकडे ती बाराला नसते. पणजीचं मुख्य चर्च म्हणजे पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांचं, आवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शनचं. कोंकणीतली प्रार्थना असेल तर मराठी कानाला निम्मी तरी कळते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आम्ही साड्या नेसतो. मागच्या बाकांवर बसा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं. कम्युनियनला, म्हणजे पवित्र प्रसाद घ्यायला, रांग लागते तेव्हा आपण जागेवरच बसायचं, ते त्यांच्या श्रद्धेतल्या लोकांसाठी आहे. फोन पर्समध्ये राहू द्या. संपल्यावर ओळख नसलेली माणसंसुद्धा हात पुढे करून शुभेच्छा देतात, तुम्हीही द्या.

पंचवीसला फार काही बंद असतं. चोवीसच्या सकाळीच बाजारातून फळं, पाव, दूध आणून ठेवा. त्या दिवशी उशिरा उठायचं, कुस्वार खायचा, दुपारी झोपायचं, संध्याकाळी मांडवी नदीच्या काठाने चालायचं. याहून जास्त काही ठरवू नका.

सव्वीसला दिवाडी आणि नार्वे

हा दिवस मात्र लवकर सुरू करा. सकाळी बन्स आणि पातळ भाजी खाऊन आम्ही भाड्याची स्कूटर घेतो. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. मूळ लायसन्स आणि दोघींना हेल्मेट. रायबंदरच्या जुन्या बंधाऱ्यावरून जुनं गोवं गाठायचं. तिथे बॉम जेझू चर्चच्या जांभ्याच्या उघड्या भिंती आणि समोर सी कॅथेड्रलचा एकच मनोरा बघायचा. दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला. बॉम जेझूत दर्शनाला रांग असते, ती सकाळी लवकर छोटी असते.

मग व्हॉइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की फेरीबोटीचा धक्का. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत दिवाडी बेटावर उतरतो आणि एकदम आवाज बंद होतो. दोन्ही बाजूंना खाजण जमीन, बगळे, लांबवर टेकडीवर पिएदादचं चर्च. घरांच्या व्हरांड्यात अजून चांदण्या लटकत असतात.

फार पर्यटक दिवाडीवरूनच मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. बेट ओलांडून दुसऱ्या टोकाला आणखी एक फेरी आहे, ती डिचोलीच्या बाजूला नार्व्याला सोडते. तिथे सप्तकोटीश्वराचं देऊळ. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा लोकांनी लिंग नदीपलीकडे आणलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावर त्याचा शिलालेख आहे. देऊळ मोठं नाही. उतरतं छप्पर, बसका घुमट, समोर दीपमाळ, आजूबाजूला झाडी आणि ओलसर गारवा. सकाळी चर्च आणि दुपारी हे देऊळ, मध्ये एक नदी, जी देवाने आणि माणसांनी दोघांनी ओलांडली. आम्ही दीपमाळेपाशी बसून डबा खातो आणि दरवर्षी याच गोष्टीवर बोलतो.

दोघींनी चार दिवस एका खोलीत

मैत्री कितीही जुनी असली तरी हे आधी बोलून घ्या. ती पाचला उठते, मला आठ लागतात. पहिल्या वर्षी ती माझ्यासाठी ताटकळत बसायची, मी तिच्यामुळे चिडून उठायची, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या कपावरून आमचं भांडण झालं. आता नऊपर्यंत जिचं तिचं. ती आल्तिन्योवर चालून येते, येताना गरम पाव आणते.

पैशाचं असं करतो. दोघी पाच-पाच हजार रुपये एका बटव्यात टाकतो. खाणं, रिक्षा, स्कूटर, पेट्रोल सगळं त्यातून. बटवा एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. आपापली खरेदी आपल्या पर्समधून. "तू दिलेस, मी देते" हे एकदा थांबलं की मन मोकळं राहतं.

घरच्यांनाही आधी सांगा की दिवसातून एकदा, रात्री नऊला, फोन होईल. सारखे फोन येत राहिले तर तुम्ही घरून निघालेल्याच नसता.

सत्तावीसला सकाळी बाजारातून दोदोल घ्या. कापून ठेवलेला नको, समोर कापून द्यायला सांगा. सुरी थोडी चिकटली पाहिजे आणि वडीच्या कडेला तेल सुटलेलं दिसलं पाहिजे. संध्याकाळी करमळीहून कोकणकन्या एक्स्प्रेस पकडायची, ती पहाटे ठाण्याला उतरवते. परतीच्या रात्री मात्र लोअर बर्थ मागा. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना, एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर, लोअर बर्थचा कोटा मिळतो. बटव्यात उरलेले पैसे आम्ही वाटून घेत नाही. ते तिच्याकडेच राहतात, ऑक्टोबरात पुढच्या तिकिटाला लागतात.